एकोणीस विहिरी आणि पंधरा पिना

२ जानेवारी २००९, शुक्रवार
सरांनी लॅपटॉप दिला. खरंच दिला! कॉलेजात भूगोल शिकवायचे, आता पिंपळवंडीला घरी असतात. म्हणाले, "महिनाभर ठेव. नेतेस तसाच परत आण." पांढराशुभ्र आहे. एसटीत दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "त्यात लेकरू हाय का गं?"
आता २६ ला ग्रामसभेत विहिरींचा नकाशा भिंतीवर. मागच्या वेळी, २ ऑक्टोबरला, कागद दिला होता. सरपंच म्हणाले, "निवांत वाचतो, ताई." कागदावर चहाचा ग्लास ठेवला आणि तिथेच विसरून गेले. त्या कागदासाठी मी अख्खा मे महिना दोराला दगड बांधून गावातल्या एकोणीस विहिरी मोजल्या होत्या.
भिंतीवर ग्लास ठेवता येत नाही.
शिवाय माझ्या आप्पांना वाचता येत नाही, वस्तीतल्या निम्म्या लोकांना येत नाही. रंग सगळ्यांना कळतात. पाणी असेल ती विहीर निळी, कोरडी ती काळी, आपली वस्ती लाल.

५ जाने., सोम.
हायस्कूलचा प्रोजेक्टर बघायला गेले. शिपाईकाकांनी कपाटातून काढून दिला, वर्षभर कुणी हात लावला नव्हता. त्याच्या वायरीचं तोंड चांगलं बोटभर रुंद, आत पिनांच्या तीन रांगा. लॅपटॉपचं भोक नखाएवढं! चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. कुठेच जात नाही.
सरांना फोन. "अगं हो, त्याला मध्ये एक तुकडा लागतो. माझा हरवला. पुण्यात मिळतो."
एक तुकडा. मिळेल. एवढंच ना!

८ जाने., गुरु.
पुणे. पहाटेच्या गाडीने गेले, संध्याकाळी परत. दुकानदाराने विचारलं, "मिनी का मायक्रो?" मला माहीत नव्हतं. लाजून सांगितलं, "बारीक आहे." तो म्हणाला, "मग मिनी." पुडकं घेतलं. घरी येऊन लावलं तर अर्धं आत जातं आणि थांबतं. दाबलं नाही. लॅपटॉप सरांचा आहे.
भोक दाखवायला निदान लॅपटॉप तरी न्यायचा होता. पण गर्दीत कुणी ओढून नेला तर, म्हणून घरी ठेवला. शहाणपणा नडला.

९ जाने.
दुकानात फोन केला. मिनीमध्येही दोन जाती आहेत म्हणे! दिसायला सख्ख्या बहिणी, एकीचं दुसरीला चालत नाही. आईला सांगितलं. आई म्हणाली, "बनवणाऱ्याला येकच भोक पाडायला काय झालं व्हतं?"


१२ जाने., सोम.
परत पुणे. आज लॅपटॉप घेऊन, आईच्या लुगड्यात गुंडाळून. दुसरी मिनी टक्कन बसली! दुकानातच ओरडले, लोक बघायला लागले. पण तिचं दुसरं टोक भलतंच, पांढरं, रुंद, चौकोनी भोकांचं. दुकानदार म्हणाला, "हे डीव्हीआय. ह्याला व्हीजीए, म्हणजे तुमचं तीन रांगांचं, करायला अजून एक." म्हणजे तुकड्याला तुकडा. तोही घेतला. त्याला घाई नव्हती, माझ्या गाडीची वेळ झाली होती. जोडून बघितलं नाही.
मंचरला उतरून स्टँडवरच्या बाकावर जोडायला घेतलं. जात नाही!! नव्या तुकड्याला एक चपटी पट्टी आणि तिच्याभोवती चार बारीक पिना. समोर पट्टीला जागा आहे, चार पिनांना भोकंच नाहीत.
रडू आलं नाही, हसूच आलं.

१४ जाने., बुध.
मंचरला र.भाईंकडे गेले. रशीदभाई टीव्ही दुरुस्त करतात, आमच्या वस्तीतला प्रत्येक टीव्ही त्यांच्या हाताखालून गेलेला. दोन्ही तुकडे उन्हात धरून बघितले आणि सरळ पक्कड उचलली.
"चार पिना काप की. फिट्ट बसंल."
"भाई, त्या कशासाठी असतील पण?"
"शोभंला."
"शोभेला कुणी पिना घालतं का?"
"राव, तू लई विचारतीस. बी.एस्सी. झालीस तवापासून असंच चालू हाय तुझं."
पण पक्कड खाली ठेवली. दुकानात फोन लावला. त्यांनी कुणालातरी विचारून सांगितलं: त्या चारांतून तीन रंग जातात, चौथी चित्र जागेवर धरते. कापल्या असत्या तर बसलं असतं झकास आणि भिंतीवर काहीच नाही! र.भाई कान खाजवत म्हणाले, "म्हंजी जीव त्यातच व्हता."
मला एकदम फार बरं वाटलं. विचारलं म्हणून वाचलं.
आता थेट मिनी ते व्हीजीए असा एकच तुकडा हवा. मिनीची जात, रंग, भोकाचं माप, सगळं फोनवर दोनदा सांगितलं. मिळाला की दुकानदार मंचरच्या गाडीत ड्रायव्हरजवळ देणार.

१९ जाने., सोम.
तीन गाड्यांना विचारलं. चौथ्या गाडीच्या ड्रायव्हरने खिडकीतून पुडकं खाली दिलं. "ताई, औषध हाय का काय? लई घाईचं म्हनले दुकानवाले." तिथेच उघडलं. एका टोकाला माझी मिनी, दुसऱ्या टोकाला तीन रांगांची भोकं. घरी येऊन लावली. बसली!

२० जाने., मंगळ.
आलं. आलं. आलं!
हायस्कूलच्या प्रयोगशाळेत, भिंतभर. आपला गाव, ओढा, एकोणीस ठिपके. सात निळे, बारा काळे. शिपाईकाकांनी आपल्या शेताची बाजू ओळखली, बोट लावून म्हणाले, "ही माज्या मेव्हण्याची. निळी हाय की!" मी हसत होते की काय कोण जाणे, गाल दुखायला लागले.

२१ जाने.
आप्पांना सांगितलं. ते गोठ्यात होते. "भिंतीवर आपली हीर दिसंल?" म्हटलं दिसेल, काळी. ते म्हणाले, "दिसू दे. होळीनंतर तिच्यात बादली नुसती वाजती. तुजी आई दगडूतात्याच्या हिरीवर जाती, तवा तात्याची मोटर बंद हाय का चालू ते बघून जावं लागतं. ह्ये बी दाव." हे कसं दाखवायचं? ठिपक्यात मावत नाही.
मागणी एकच: ओढ्याकाठच्या गायरानात वस्तीसाठी सार्वजनिक विहीर. कुणाला विचारावं लागू नये.

२४ जाने., शनि.
सगळं नीट आहे ना म्हणून वायरीच्या पिना मोजल्या. चौदा!
परत मोजल्या. पाच, चार, पाच. मधल्या रांगेत एक नाही. माझ्याकडूनच मोडली असणार. हायस्कूलची वस्तू. जेवण गेलं नाही.

२५ जाने., रवि.
सकाळी धावत मंचर. र.भाई घाईत होते, दुकानात एक लग्नाचा मंडपवाला भांडत होता. मी म्हटलं, पंधरा पिनांची वायर द्या. त्यांनी खोक्यातून एक काढून दिली. मोजली. पूर्ण पंधरा. हायस्कूलची वायर त्यांच्याकडे ठेवली, पिन बसवून द्या म्हणून.
आता काळजी नाही. फक्त उद्याच्या लोडशेडिंगची. त्याच मंडपवाल्याने जनित्र द्यायचं कबूल केलंय.

२६ जाने.
झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या मोठ्या खोलीत सभा. खिडक्यांना पिवळी ताडपत्री. वस्तीतले सगळे आले, बायका मागे. वायर घाईत लावली, बसेना, जोर लावला, स्क्रू आवळले. चित्र आलं! "आरं आलं आलं" असा गलका झाला.
जरा पिवळट. वाटलं ताडपत्रीमुळे.
सरपंच उठून भिंतीजवळ गेले. "ताई, काळं म्हंजी कोरडं ना?"
"हो."
"आन् ह्ये तर समदं काळंच हाय!"
बघितलं. एकोणीसच्या एकोणीस काळे. खाली खुणा लिहिलेल्या, 'पाणी' पुढे काळा ठिपका, 'कोरडी' पुढेही काळा ठिपका. लॅपटॉपवर बघितलं तर सात निळे आहेत. भिंतीवर निळा येतच नव्हता!
तोवर सभा पेटली होती. कुणी म्हणालं, गावावर ही पाळी आली आन् आपल्याला पत्ता न्हाई. सरपंच हळहळले. "मग वस्तीचं काय हाल हुत असतील. लिवा ग्रामसेवक, गायरानात सार्वजनिक हीर. हात वर करा." हात वर जायला लागले. शांताकाकू, आमची शेजारीण, तात्यांच्या विहिरीवरून रोज पाणी आणते, तिने दोन्ही हात वर केले.
मी उभी राहिले. 
म्हटलं, "थांबा. चित्र चुकलंय. निळा रंग येत नाहीये. सात विहिरींना मे महिन्यातही पाणी होतं." आणि सातही नावं वाचली. पाचवं नाव दगडूतात्या.
 तात्या पहिल्या रांगेत. म्हणाले, "हाय पानी. मी कवा न्हाई म्हनलो? न्या की. हीर कशाला पायजे मग नवी?"
हात खाली आले.
विषय तहकूब. ८ फेब्रुवारीला परत. लॅपटॉप तोवर ठेव म्हणून सरांनी फोनवर सांगितलं.

२७ जाने.
र.भाईंनी कालच्या वायरीचं तोंड भिंगाखाली धरलं. पहिल्या रांगेतली तिसरी पिन आडवी झोपलेली. "निळ्याची हीच. तू दाबलीस." आणि हायस्कूलच्या वायरीला हात न लावता परत दिली. "हिला काय बी झालं न्हाई. ती पिन मुळातच नसती."
"मुळातच?"
"लई वायरींना न्हाई देत. तिचं काम नसतं."
चांगली वायर मी टाकली, मोजून घेतलेली लावली, आणि ती स्वतःच्या हाताने वाकवली. चिमट्याने पाच मिनिटांत सरळ केली त्यांनी.
तरी गंमत बघ. गावात पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून एक नकाशा बघितला. गिरणीत लोक मला थांबवून आपली विहीर काळी का निळी विचारतायत!

२९ जाने., गुरु.
शांताकाकू दारातून आत आली नाही. अंगणातूनच: "गप बसली असतीस तर हीर झाली असती. शिकलीस तर आमच्याच मुळावर उठलीस का गं?"
 आईने भांडी आपटली. आप्पा तंबाखू मळत म्हणाले, "शांते, खोट्यानं हीर खांदली असती तर तात्या पयल्याच उन्हाळ्यात आपल्या हिरीचं पानी दावाया आला असता सभेत. मग आपलं कोन ऐकलं असतं?"
काकू म्हणाली, "तुमचं खरं हो. तवर हांडा कोन उचलनार?"
दोघंही बरोबर आहेत. झोप येत नाही असं लिहीत नाही, येते. सकाळी जड वाटतं.

३ फेब्रु., मंगळ.
विचार केला. पाणी आहे आणि नाही, एवढंच दाखवलं मी. कुणाला विचारून मिळतं ते दाखवलं नाही. आप्पांनी तेच सांगितलं होतं.
आज प्रत्येक निळ्या विहिरीपासून वस्तीपर्यंत पावलं मोजली. कुंपणं लिहिली. मोटर कधी चालू, कुत्रं कुठे बांधतात. घरोघर विचारत गेले. शांताकाकूच्या घरी जायला बिचकत होते. ती चुलीपुढे होती. मान वर न करता म्हणाली, "लिव. सोमवारी तात्याची सून म्हनली, आज न्हाई, पावनं हायेत. दोन हांडे घिऊन रिकामी आले." लिहिलं. मग स्वतःच अजून सांगत बसली, तासभर. वही भरली.

६ फेब्रु.
प्रयोगशाळेत पुन्हा लावून पाहिलं, चौदा पिनांचीच वायर. निळा आला! सात विहिरी निळ्या, त्यांभोवती आता कुंपणाच्या रेघा, प्रत्येक रेघेवर 'विचारावं लागतं'. आप्पांसाठी शेजारी बंद दार काढलंय.
सरपंचांचा निरोप आला: ह्या खेपेला कागदच आणा, यंत्र घोटाळा करतं. मी उलट निरोप पाठवला: दोन्ही आणते. एवढं धाडस कुठून आलं माहीत नाही, छातीत अजून धडधडतंय, पण छान धडधडतंय.

८ फेब्रु., रवि.
दहाला सभा. तात्या त्यांच्या चुलतभावांना घेऊन येणार असं ऐकलं. येऊ देत. तिथे काय होईल काही सांगता येत नाही.
लॅपटॉप पिशवीत, तुकडा रुमालात, वायर हातात. वाकली नाही ना ते दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघणार नाही. बघितलं.
वस्तीतल्या बायका लवकर निघाल्यात. आज मागे बसणार नाही म्हणतात. शांताकाकू दारात उभी आहे, नवं लुगडं नेसून.
"चल गं. तू भिताडावर चित्र दाव. बोलायचं मी बघते."
"काय बोलणार, काकू?"
"चल म्हनते ना."
निघते.