छपरावर हातोडा चालणार नाही

मी, या घराची मालकीण आणि धंद्याने शिंपीण, हे मृत्युपत्र सकाळचा चहा घेऊन, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दम ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्राला दम लागत नाही असं वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला आले होते ते चहा पिऊन परत गेले. शाळा मला फारशी लाभली नाही. अक्षरं मी कापडाच्या गठ्ठ्यांवरची वाचून शिकले. तेव्हा कायद्याची भाषा कुठे उसवली असेल तर वकीलबाईंनी टाका घालावा, पण माप बदलू नये.

पहिलं कलम माझ्या आजाराचं. मृत्युपत्रात आजार लिहीत नाहीत म्हणे. मी लिहिते, कारण पुढचं सगळं त्याच्याच अस्तरावर शिवलेलं आहे.

माझ्या फुफ्फुसांना चट्टे पडून ती राठ झाली आहेत. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या कारखान्यात होता? मी म्हटलं, कारखान्याचं फाटकसुद्धा पाहिलेलं नाही. मग त्यांनी विचारलं, घरावर काय आहे? सिमेंटचे जुने पत्रे, मी म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या पत्र्यांत अॅसबेस्टॉस नावाचा दगडाचा धागा असतो. पत्रा धड असला, त्याला कोणी डिवचलं नाही, तर धागा बराचसा आतच अडकून राहतो. घासला, भोकं पाडली, फोडला की सुटतो. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. छातीत जाऊन बसतो आणि आपण त्याला पार विसरल्यावर कितीतरी वर्षांनी डोकं वर काढतो. सगळ्यांनाच बाधतो असं नाही, पण कोणाला बाधणार हे आधी सांगता येत नाही.

आणि आम्ही काय करत होतो? आमच्या गल्लीत दर उन्हाळ्याआधी पत्रे तारेच्या ब्रशने घासायचे, शेवाळ काढायचं आणि वरून चुना मारायचा, म्हणजे घर गार राहतं. कोणाचं छप्पर जास्त पांढरं, यावरून बायकांत चढाओढ. हे वर चढून घासायचे, मी खाली शिडी धरायची. राखाडी भुकटी अंगणभर पडायची. ती वाया कशाला घालवा म्हणून आम्ही डब्यात भरून ठेवायचो आणि वर्षभर भांडी घासायचो. माझी पातेली अशी लखलखायची की शेजारणी वाटी घेऊन भुकटी मागायला यायच्या. काटकसर आणि टापटीप, दोन्ही गुण अंगाशी आले. आळशी असते तर बरी असते.

दुसरं कलम मरणाच्या दाखल्याचं. हे गेले तेव्हा कोणीतरी लिहिलं, विडीचं व्यसन. ह्यांनी जन्मात विडी ओढली नाही. शेजारी कोणी ओढली तरी हे उठून जायचे. तेव्हा मी रडत होते म्हणून भांडले नाही. या खेपेला ते शक्य नसल्याने आधीच भांडून ठेवते. माझ्या दाखल्यावर ‘वृद्धापकाळ’ लिहू देऊ नये. डॉक्टरांना हवं तर छाती उघडून बघू द्यावी, माझी हरकत नाही. पण खरं कारण लिहून घ्यावं. मी म्हातारी होते, पण म्हातारपणाने मेले नाही.

तिसरं, शिलाई मशीन सुनेला. तिचा पाय चांगला चालतो, तोंड त्याहून चांगलं. मोठी कात्रीही तिचीच. कापडाशिवाय कशालाही लावू नये, कागदाला तर नाहीच.

चौथं, पत्रे विकणारा ठेकेदार. गल्लीतल्या प्रत्येक घरावर त्याचेच पत्रे आहेत. परवा तो येऊन म्हणाला, “काकू, उगाच लोकांना घाबरवू नका. पत्र्याने कोणी मरत नाही.” मी विचारलं, तुझ्या घरावर काय आहे रे? तो म्हणाला, स्लॅब. त्याला मी माझा खोकला देऊ इच्छिते. खोकला मिळकतीत मोडत नाही असं वकीलबाई सांगतात. मग त्याला काही नाही.

पाचवं, घर. घर मुलगा आणि सून, दोघांच्या नावे निम्मंनिम्मं. मुलाच्या एकट्याच्या नावे का नाही, हे त्याला माहीत आहे, इतरांसाठी लिहिते. त्याला छप्पर काढून वर माळा चढवायचा आहे. चांगलं आहे, चढवावा. पण त्याचा बेत असा, की मी गेले की सुट्टीच्या दिवशी दोस्त जमवायचे, हातोड्याने पत्रे फोडून खाली टाकायचे, सुनेने मलबा झाडून काढायचा. रुमाल बांधू ना नाकाला, म्हणतो. अरे, रुमालातून शिंक अडत नाही, हा धागा काय अडणार? आणि नात रांगते आहे. हाताला लागेल ते तोंडात घालते.

मी त्याला सगळं समजावलं. त्यावर तो म्हणाला, “आई, तू जन्मभर याच पत्र्यांखाली राहिलीस ना? काय झालं?”

मला तेवढ्यात उबळ आली. ती थांबेपर्यंत तो पाण्याचा पेला घेऊन उभा होता. नंतर म्हणाला, तरीपण.

पोर वाईट नाही. बापासारखाच आहे, कामाला वाघ आणि ऐकायला बहिरा. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आमच्याकडे मागचा त्याच दगडावर उडी मारायला निघाला आहे. मी वकीलबाईंना म्हटलं, अट घाला, हातोडा लावला तर घर मिळणार नाही. त्या म्हणाल्या, “आजी, अट घालू. पण तुमच्यामागे बघायला कोण येणार?”

हे पटलं. म्हणून सहावं कलम, शिल्लक. शिल्लक नाही. बँकेतलं सगळं मी पत्रे उतरवणाऱ्या माणसांना दिलं आहे. हेच काम शिकलेली माणसं आहेत. पत्रे पाण्याने भिजवून, नट सोडून, अख्खे उतरवणार, जाड प्लास्टिकमध्ये बांधून नेणार. कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. तेवढे दिवस सून आणि नात माहेरी. मुलाला काल सांगितलं तर तो म्हणाला, “आणि माझा माळा?” मी म्हटलं, “माळा तुझ्या कमाईने बांध. छप्पर माझ्या कमाईने उतरेल.” तेव्हापासून अबोला आहे. असू दे. अबोल्याने फुफ्फुसं खराब होत नाहीत.

शेवटचं. माणसं येत्या सोमवारी येणार आहेत. त्याआधी किंवा काम चालू असताना मी गेले, तर काम थांबवू नये. माणसं परत पाठवू नयेत, सुतक सांगू नये, चार दिवसांनी या म्हणू नये. मला दवाखान्याच्या थंड खोलीत ठेवावं. मी कुठे पळून जात नाही. आधी पत्रे उतरवा, मग मला उचला.

हे मी वाचून, समजून, हात न थरथरता सही केली आहे.

(सही) घरमालकीण

साक्षीदार: समोरचे घड्याळदुरुस्तीवाले. त्यांच्या छपरावरही तेच पत्रे आहेत. सही करण्याआधी त्यांनी माझ्याकडून त्या माणसांचा नंबर घेतला.
साक्षीदार: दवाखान्यातल्या नर्सबाई.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर.
तारीख: पत्रे निघण्याच्या आधीचा शुक्रवार.