आईचं वजन

९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बायकोचा खोकला गेला असेल. इकडे सगळं ठीक. वरच्या मजल्यावरच्यांनी एकदाचा नळ दुरुस्त केला, आता आपलं छत गळत नाही.

त्या दिवशी तुला टीव्हीवर पाहिलं. आईने शेजारणींना बोलावून खुर्च्या मांडल्या होत्या. ‘घरी वेळेवर काळजी घेतली तर कितीतरी लोकांना दवाखान्यात भरती व्हावंच लागणार नाही, पाच वर्षांत अशा भरत्या निम्म्यावर आणायच्या, हे देशाचं उद्दिष्ट आहे,’ असं तू म्हणालास. छान बोललास. आईला तर आभाळ ठेंगणं झालं!

तेव्हापासून ती दवाखान्याचं नाव काढू देत नाही. ‘मुलगा भरत्या कमी करायला निघालाय आणि मीच जाऊन झोपू तिथे? लोक काय म्हणतील त्याला?’ सुरुवातीला मला हसू यायचं.

तिच्या हृदयाचं तुला माहीत आहे. अंगात पाणी साठलं की वजन वाढतं, म्हणून नर्सबाई दर आठवड्याला येऊन वजन करतात. वाढलं की लगेच औषध वाढवायचं. तुमच्या आरोग्य खात्याच्याच योजनेतलं आहे हे, आणि चांगलंच आहे. वजन वाढत नव्हतं, आम्ही निर्धास्त. आज टॉवेल ठेवायला आत गेले तर काय! नर्सबाई वाकून आकडा बघतायत आणि काट्यावर उभ्या आईचा हात मागे कपाटाच्या कडेवर, सगळा भार त्या हातावर. मी हात सोडवला. आकडा बघून नर्सबाईंचा चेहराच उतरला. ‘थंडी वाजते’ म्हणून ही बया दिवसभर मोजे घालून फिरायची. ते काढून घोट्यावर बोट दाबलं, तर खड्डा तसाच राहिला.

डॉक्टर म्हणाले, आजच्या आज भरती करा. रुग्णवाहिका आली. आईने केस विंचरले, ताठ बसली आणि त्यांना म्हणाली, ‘मुलीला उगाच घाबरायची सवय आहे.’ नको म्हणणाऱ्याला उचलून नेता येत नाही, म्हणून ते परत गेले. मी ओरडले, रडले, तिच्या पाया पडले. पालथ्या घड्यावर पाणी! वर शपथ घातलीय, ‘त्याला फोन केलास तर माझं मेलेलं तोंड बघशील.’ पत्राची घातलेली नाही. म्हणून तुझ्या दाजींच्या हाती हे पाठवतेय. तुझा शिपाई अडवेल, पण ते हटणार नाहीत.

वर ‘ठीक’ लिहिलं ते सवयीने. आडवी झाली की ती गुदमरते, म्हणून बसूनच आहे. एकेका शब्दाला थांबते. मला भीती वाटतेय रे. फार भीती वाटतेय.

बैठक सोड. आत्ता, उभ्या उभ्या तिला फोन कर आणि सांग, ‘आई, तू भरती हो.’ रागावून सांग, लाडाने सांग, वाटेल ते खोटं सांग. ती फक्त तुझंच ऐकते. आयुष्यभर याचा मला राग आला, आज येत नाहीये.

उशीर केलास तरी तुझा भरत्यांचा आकडा बिघडायचा नाही, धाकट्या. घरात मेलेलं माणूस त्यात धरत नाहीत ना?

हात जोडून,
तुझी ताई