आगाऊ सत्कार

गंगापूर रोड, नाशिक

तीर्थस्वरूप चिमाजीमामांस, भाचा महेशचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा फार कुरकुरत नसेल आणि देवळ्यात कांदा साठवणीच्या चाळीत नीट बसला असेल, असं धरून चालतो. (फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि मग आडतीवरचे सगळे हमाल-व्यापारी ऐकतात.) इकडे आई बरी आहे. म्हणजे मी सकाळी पळायला गेलो की ती बिल्डिंगच्या गेटात वॉचमनच्या खुर्चीवर येऊन बसते आणि मी परत येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही. वॉचमन बिचारा उभा. मी दिसलो की ती आधी माझ्या छातीकडे बघते, मग तोंडाकडे. थोरला लेक, आपला सोमनाथदादा, गेल्यापासून तिचं बघणंच बदललं आहे.

लडाखच्या शर्यतीचं खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं, असं तुम्ही विचारलं होतं. दादाच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीत तुम्ही खीर वाढत होता, म्हणून तुम्हाला ऐकू आलं नसेल. माझ्या शेजारचे पाहुणे म्हणाले, "यांच्या घरात माणसं लय धिप्पाड, पण काळीज कच्चं हाय. आजा तसाच गेला, बाप तसाच, आता हा. पुढं कोन ते दिसतंच हाय." आणि त्यांनी माझ्या पानाकडे बघितलं. आई दारातच बसली होती, तिनं ऐकलं. माझं डोकं फिरलं. जन्मात सिटी बस सोडून कशाच्याच मागे न पळालेला मी भर पंगतीत बोलून गेलो, की सतरा हजार फुटांवरच्या खिंडीतून सत्तर किलोमीटर पळून दाखवतो. (हा आकडा आदल्याच दिवशी मोबाइलवर पाहिला होता.)

जगात माणूस जिंकून आला की त्याचा सत्कार होतो. आमच्या गावाला एवढा धीर नाही. आठवड्याभरात निफाडच्या रस्त्याला माझा फ्लेक्स लागला आणि पारावर शाल, नारळ, फेटा सगळं उरकलं. भाषणाला दादाच्या शोकसभेतलेच वक्ते होते. 'मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व' तिथंही होतं, इथंही होतं. आता लडाखला न जाणं म्हणजे गावाचा नारळ फुकट घालवणं.

मग तयारीला लागलो. तुम्ही पाठवलेल्या गोणीतले कांदे सॅकमध्ये भरून अंजनेरी चढायला घेतली, म्हणजे वजनाची सवय होईल. अर्ध्या वाटेत माकडांनी सॅक फाडली. एकानं कांदा चावून पाहिला आणि मी त्याला फसवल्यासारखं माझ्याकडे बघत बसला. बाकीचे कांदे पायऱ्यांवरून खाली गेले, ते दर्शनाला येणाऱ्या बायकांनी ओटीत गोळा केले. मागायला गेलो तर मला श्वासच पुरेना. त्यांनी मला बसवलं, पदरानं वारा घातला आणि घरी कोण कोण आहे ते विचारलं.

थंडीच्या सरावासाठी माझा वर्गमित्र यादव याचं निफाडचं द्राक्षांचं शीतगृह गाठलं. कानटोपी, स्वेटर घालून पेट्यांच्या रांगांमधून पळत होतो. हमालांना काय ठाऊक, ते बाहेरून दार लावून जेवायला गेले. मी ओरडलो, दार बडवलं. मग छातीत कुणी मूठ आवळावी तसं झालं आणि मी पेट्यांना पाठ लावून खाली बसलो. दादाही बागेत असाच पाठ टेकून बसलेला सापडला होता. दार उघडल्यावर यादवनं आधी द्राक्षांना हात लावून बघितला, मग माझ्या कपाळाला. डॉक्टरांकडेही त्यानंच नेलं. त्यांनी तपासण्या केल्या आहेत. काळजी नसावी.

तरी या कार्याला आपला आशीर्वाद असावा. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
महेश

ता. क. : आशीर्वाद देऊ नका. शवविच्छेदनात दादाची जी नस बंद निघाली होती, माझीही तीच निघाली आहे. डॉक्टर म्हणतात, लडाख राहू द्या, आधी जिना चढायचा थांबवा आणि दवाखान्यात दाखल व्हा. घरात अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मी आपणहून माघार घेतली तर पंगतीतला तो माणूस खरा ठरतो, आणि तोही आईच्या देखत. म्हणून तुम्ही रविवारी या आणि चारचौघांत मला झापा. "आई म्हातारी हाय, गप घरी बस" एवढं पुरे. लिलावात लावता तो आवाज लावा. मी मान खाली घालून ऐकीन. मोठ्यांचा शब्द मोडला नाही म्हणून गावही गप्प बसेल. मला मरायची भीती वाटते, मामा.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवणार तेवढ्यात तुमच्या छायानं मोबाइलवर फोटो पाठवला. देवळ्यात बाजार समितीच्या गेटावर तुम्हीही माझा फ्लेक्स लावलात म्हणे. फ्लेक्सवरचा माझा फोटो तिच्या लग्नातला आहे. शेजारी दादा होता, त्याला कापून टाकलंय, पण माझ्या खांद्यावरचा त्याचा हात तसाच राहिलाय. हा हात कुणाचा, असं लोक विचारतात म्हणते. फ्लेक्स उतरवून घ्या. मात्र तो कांद्यावर झाकायला घालू नका, गुंडाळून रविवारी सोबत आणा. दवाखान्यात जायच्या आधी तो हात मला एकदा नीट बघायचा आहे.