फौजदाराच्या टाकीत पिवळा मासा

ता. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर बोलले की बाबा पलंगावरून कान टवकारतात, आणि पत्र आता त्यांना वाचता येत नाही, म्हणून ही जुनी वाट. डोळे आणखी उतरलेत. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाला आता पिवळा तेवढा ओळखू येतो, बाकी धुकं.

म्हणून टाकीत पिवळा मासा हवा असा धोशा लावलाय त्यांनी. खाऱ्या पाण्याची ती टाकी तू हौसेनं आणलीस आणि वाऱ्यावर सोडून गेलास. त्यातला तुझा निळा डॅमसेल मासा अजून आहे, बोटाएवढा, पण बाबा त्याला फौजदार म्हणतात ते उगाच नाही. दोन पिवळे आणले, दोघांना कोपऱ्यात गाठून पर-शेपट्या कुरतडल्या त्यानं. गेले बिचारे. तू सध्या माशांच्या दुकानात आहेस (किती दिवस असशील देव जाणे), तर सांग, याच्याशी नांदेल असा कोण आहे?

मी दमलेय रे. सकाळी उठते तीच दमलेली. महिनाअखेर रजा संपते, दवाखान्यात रुजू व्हायचंय, तिकडे तुझे भावोजी रोज दूध उतू घालवतायत. मग बाबांजवळ कोण, हे मी विचारत नाही. तुम्ही दोघं एका छपराखाली आलात की भांड्याला भांडं लागतं, आणि भांडी तरी केवढी, पिंपंच.

लोभ आहे, तो माझ्यासारखा दमू नये.
तुझी ताई

ता. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकानाच्या मागच्या खोलीत मिठाच्या गोणीवर बसून लिहितोय. इथला समुद्र आम्हीच बादलीत ढवळतो. मालकाला वाटतंय मी पाणी तयार करतोय. हा मालक म्हणजे एक नमुनाच, माशांशी लाडात बोलतो आणि गिऱ्हाइकावर खेकसतो, परवा तर एका बाईंना… जाऊ दे, विषय फौजदाराचा.

दोष त्याचा नाही. टाकीत जो आधी येतो तो दगडांच्या फटी आपल्या नावावर करून घेतो. म्हणून मारकुटा मासा नेहमी शेवटी सोडायचा. आता असं कर. फौजदाराला जाळीच्या टोपलीत घालून टाकीतच बाजूला टांग. दगड इकडचे तिकडे कर. मग नवा सोड. तो रुळला की फौजदाराला मोकळं कर. त्याला वाटतं, आपणच परक्या गल्लीत आलो. निम्मी दादागिरी तिथेच उतरते.

दुकानदार तुझ्या गळ्यात मोठा पिवळा टँग मारेल. घेऊ नकोस, आपल्या टाकीत तो म्हणजे न्हाणीघरात घोडा. पिवळा गोबी घे. तळाशी पडून असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सोबत पिस्तूल कोळंबी मिळाली तर सोन्याहून पिवळं. तिला धड दिसत नाही. ती बीळ खणते, हा दारात पहारा देतो, आणि तिची एक मिशी कायम याच्या अंगाला टेकलेली. हा हलला की ती आत. मी बघतच बसतो, मग मालक ओरडतो. एक मात्र, गोबी उडी मारतो. वरून जाळी लाव.

बाकीचं विचारलं नाहीस ते बरं केलंस. गावं बदलून मलाही शीण आलाय ताई, पण तिथे आलो की मी उभा राहतो तीसुद्धा जागा चुकीची असते, बाबांच्या मते.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा भिंगरी

ता. २४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

जमलं. फौजदार दोन दिवस गोंधळल्यासारखा फिरला, मग गुमान वरच्या दगडाशी राहायला लागला. खाली गोबी आणि कोळंबीचा संसार. बाबा काचेला नाक लावून बसतात. म्हणाले, हा लिंबाचा पिवळा नव्हे, हळदीचा. आणि हा उडी मारतो ऐकल्यावर म्हणाले, घरातला एक गेलाच आहे, याच्यावर तरी झाकण घाल.

आता तुझाच उपाय घराला लावतेय. सकाळी बाबांना डोळे दाखवायच्या निमित्तानं तुझ्या भावोजींबरोबर माझ्याकडे धाडलं, उद्या मीही जाते. पलंग, कपाट, टेबल, सगळं हलवलंय. शेजारच्या शिवणवाल्या मावशी मदतीला होत्या, दोघींच्या कमरा धरल्यात. तुझी खाट खिडकीशी, बाबांच्या खुर्चीच्या जागी. किल्ली मावशींकडे. तू आधी शीर, आपले फौजदार नंतर येतील.

नाही आलास तर नोकरी सोडेन. रागावणार नाही, रागवायलाही बळ लागतं.

लोभ आहेच, विचारू नकोस.
तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींनी बाबांना दारात सोडलं आणि पाणीही न पिता सटकले. शहाणा माणूस.

अगं, एक विसरलीस. टाकीतल्या फौजदाराला दिसतं! बाबांचं चालणं सगळं पाठांतरावर. सवयीनं खुर्चीकडे वळले ते वाटेतल्या कपाटावर आपटले. मग तुझा, माझा, मावशींचा, कपाट करणाऱ्या सुताराचा, सगळ्यांचा उद्धार झाला. सगळं पहिल्यासारखं लावतो म्हटलं, तर म्हणाले, हात लावू नकोस, तुला एक वस्तू धड ठेवता येत नाही. मग चाचपत माझा खांदा धरला. नुसती हाडं उरलीत म्हणाले, आणि मोरी कुठे नेऊन ठेवलीत ती दाखव. मी म्हटलं, मोरी होती तिथेच आहे. तर म्हणाले, मेहेरबानी.

तेव्हापासून मी पुढे, त्यांचा हात खांद्यावर, अशी घरभर आमची गाडी चालते. भांडणं आहेतच. मी भराभर चालतो, वळताना सांगत नाही, चपला फरफटवतो.

काल टाकीमागे बसून नळी साफ करत होतो. बाबांना वाटलं मी बाहेर गेलोय. उठले, टेबलाला वळसा घातला, कपाट टाळलं, पाणी प्याले, ग्लास पालथा घातला आणि पलंगावर जाऊन बसले. ना ठेच, ना चाचपणं. नवं घर त्यांना पाठ झालंय, केव्हापासून कोण जाणे.

मी मागच्या दारानं निघालो आणि पुढून चपला फरफटवत आलो. लगेच ओरडले, कुठे उलथला होतास, केव्हाची तहान लागलीय. आणि हात पुढे करून थांबले. मी खांदा दिला. दोघं माठापर्यंत गेलो. पुन्हा अख्खा ग्लास प्याले.

तू नोकरी सोडू नकोस. जाळी टाकीला आहे तेवढी पुरे, मला नको.

लोभ असू दे. आणि तो पहिला ग्लास मी पाहिला हे त्यांना कळू देऊ नकोस.
तुझा भिंगरी