पाचवीच्या आधी गेलेली

सर, तुमच्यावर मी अजून चिडलेली आहे. गेलेल्या माणसावरचा राग सोडावा असं सगळे सांगतात, पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मला ते जमलेलं नाही.

आश्रमशाळेत मला अक्षरओळख तुम्ही करून दिलीत. मी न वाचताच धडा वाचला म्हणाले, तेव्हा वर्गाबाहेर उभं करून म्हणालात, "माहीत नसेल तर नाही म्हणावं, खोटं सांगू नये." पुढे देशभरच्या आरोग्य सर्वेक्षणावर तुमची नेमणूक झाली आणि आमची बोली कळणारं माणूस म्हणून तुम्ही मलाच बोलावलंत. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. सिद्धगडाखालची माझीच वाडी सर्वेक्षणाच्या निवडीत आली होती. "या वाड्यांचं दुखणं वर पोचतच नाही," तुम्ही म्हणालात, "एकदा पोचलं की नर्सबाईला इथवर यावंच लागेल."

आमच्या चुलीपाशी तुम्ही बसलेले मला आजही दिसता. मी विचारते, मुलं किती झाली? आई म्हणते, "तुमी दोगा भावंडा." पाचवी पुजायच्या आधी गेलेलं मूल आमच्याकडे मोजत नाहीत. त्याचा विषय काढला तर पुढचंही जाईल, अशी भीती. मी बोलीत खूप विनवलं. तेव्हा आई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "आनखी दोन व्हती गो. धाकटी पोर व्हती. तिचं केस लय दाट व्हतं." हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते. तुम्ही तिला हात जोडलेत. म्हणालात, "आई, हे वाया जाणार नाही."

वाडीतली अर्धी घरं तेव्हा शहापूरकडे वीटभट्ट्यांवर गेली होती. कोण कुठल्या भट्टीवर, ते मला ठाऊक होतं. विचारलं असतंत तर घेऊन गेले असते. पुढच्या सर्वेक्षणालाही मी बोलीसाठी गेले, तेव्हा नवे साहेब जीपमध्ये सहज बोलून गेले, की मागच्या खेपेच्या कागदांत ती वाडी ओस लिहिली आहे, तिच्याऐवजी रस्त्याकडच्या गावातली घरं घेतली आहेत. ओस? मग चुलीपाशी बसून बोलली ती माझी आई कोण होती? म्हसाच्या जत्रेत तुम्ही घोंगडी बघत होतात, तिथेच तुम्हाला गाठलं. "अर्धी घरं बंद दाखवली असती तर काम परत आलं असतं गं," तुम्ही म्हणालात, "मुदत संपत आली होती. सगळ्या देशात एका वाडीनं काय फरक पडतो?" आणि वर मला भेळ खाऊन जा म्हणालात! फसवलंत सर तुम्ही आम्हाला. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर एवढं लागलं नसतं.

नर्सबाई अजून रस्त्यापर्यंतच येते. हे पत्र टाकायला पत्ता नाही, पण एक सांगून टाकते. वहिनीचं पहिलं मूल पाचवीच्या आधी गेलं, तेव्हा आई आपणहून मला म्हणाली, "याचा पन सरांना सांग गो. आपली दोन लिवलीत त्यांनी." मी सांगते म्हटलं. तुम्ही तेव्हा हयातही नव्हता. ते, आणि तिची दोन कुठेच लिहिलेली नाहीत हे, तिला मी अजून सांगितलेलं नाही.