लाडकीच्या पोटातली तांबी

तलासरी,
१० एप्रिल २०१८

हाल्या,

रामराम. भावोजी लिहू की नुसतं हाल्या, ते अजून ठरत नाही. पत्र लिहायचं मी रोज टाळतोय. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू कापतोस. म्हणून घोलवडला चिकू आणायला जाणाऱ्या टेम्पोवाल्याजवळ हे देईन. मधे मी आगरला, समुद्राकडे, मच्छीच्या बोटीवर होतो, माहीत असेल. ओकून ओकून परत आलो. त्याआधी उंबरगावला कंपनीत होतो, तिथला मुकादम तर असा होता की... जाऊ दे.

तुझ्या नि जमनाच्या लग्नाचं कळलं. सगळ्या पाड्याला आवतण गेलं, आम्हाला नाही. आमची लाडकी तुझ्या घरात इतकी वर्षं राहिली, तेव्हा तू म्हणायचास, भात चांगला आला की लग्न लावू. आपल्यात पोरं आधी होतात, मांडव मागून पडतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

तिचं पोट दुखायचं. भगताला कोंबडा तुझ्याच आईने दिला होता. परवा शेजारच्या दिपकच्या गाडीवर मी तिला डहाणूला एका डॉक्टरीणबाईकडे नेलं. त्या गाडीचा ब्रेक लागत नाही, ते राहू दे.

मी पडद्याच्या अलीकडे उभा होतो. मशीनमध्ये बघत बाईंनी विचारलं, "तांबी कधी बसवलीस?"

लाडकी म्हणाली, "काय बसवलं?"

"मूल राहू नये म्हणून आत बसवतात ती. ही काय, दिसतेय."



तुमचा पोरगा झाला तेव्हाच, सरकारी दवाखान्यात, बाळंतपणात बसवली असणार. तिला कोणी विचारलं नाही, सांगितलं नाही. दीड महिन्याने दाखवायला ये, एवढंच म्हणाले होते. तोवर पोरगा गेला. बाकीच्या बाया पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या, तिथं ही रिकामी कशी जाईल?

हाल्या, पुढं दिवस राहिले नाहीत म्हणून तू तिला वांझ म्हणालास. तुझ्या आईने तिला बियाण्याला हात लावू दिला नाही. आणि लाडकीलापण ते खरंच वाटत होतं. काढलेली तांबी बाईंनी ट्रेमध्ये ठेवली. काडीपेटीतल्या काडीएवढी. जेवायला बसलो की मला तीच दिसते.

तिला परत ने, असं मी म्हणत नाही. ती येणारपण नाही. मांडवात सगळा पाडा असेल. तिथं उभा राहून एवढंच बोल, की लाडकीत खोट नव्हती.

थांब, अंगणात कोणी आलंय.

जमना आलीय. तुझी जमना, पोरीला कडेवर घेऊन. लाडकीने हातपंपावर बायांना सगळं सांगितलंय, ते हिच्या कानावर गेलं. लाडकी मिरच्या निवडतेय, उठली नाही.

"ताई, माझी पोरगी पण त्याच दवाखान्यात झाली," जमना म्हणतेय. "माझ्यात पण बसवली असेल तर?"

"तुला दुसरं लगेच पाहिजे का?"

"नको ग. असली तर असू दे. पण मला कळायला नको?"

लाडकीने तिला पाणी दिलंय. मला म्हणते, लिहिणं पुरे कर, दिपककडून गाडी आण. त्या गाडीवर दोघींना डहाणूला कसं न्यायचं, मलाच कळत नाही. पण नेतो.

लग्न न लागलेल्या बायकोचा भाऊ,
जीवन