नसलेल्या देशाचा मंत्री

२७ डिसेंबर १९९१
देशच उरला नाही तर त्याचा परराष्ट्रमंत्री कोणाच्या वतीने बोलतो? मला नाही सांगता येत. दोन वर्षं याच पदावर एम. फिल.चा प्रबंध लिहितेय, सोव्हिएत सरकारातलं परराष्ट्रमंत्र्याचं स्थान. सकाळी पेपर वाचून अण्णा म्हणाले, "मग त्याचा पगार आता कोण काढणार गं?"

३ जाने.
वाचनालय. सोव्हिएत मासिक येणं बंद. ग्रंथपाल म्हणाले, "जुने अंक घेऊन जा. गुळगुळीत कागद आहे, वह्यांना कव्हरं छान होतील." आणले सगळे. कव्हरं घालणार नाही.

१६ जाने.
संक्रांतीचा तिळगूळ देताना दादा: "तुझ्या देशाला पण पाठव. पत्ता असला तर!" वहिनी हसली, मीही हसले. नंतर मोरीत जाऊन रडले.

२१ जाने.
मार्गदर्शक सरांकडे. "विषय बदल. ग्रामपंचायतीतल्या स्त्रिया घे. जूनपासून कॉलेजात शिकवायला तासांवर लावून घेतो तुला."
म्हटलं, "पेशवाईवर लोक पीएच.डी. करतात, सर. तीही बुडालीच की."
"पेशवाई आपली होती, बाई."
तास मिळाले तर घरात लग्नाचा विषय निदान वर्षभर बंद. नाहीतर पिंपळगावचं स्थळ ठरल्यातच जमा.

२८ जाने.
आईला तासांचं बोलून बसले. संध्याकाळपर्यंत एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या अख्ख्या कॉलनीत झालं, "आमची कॉलेजात शिकवणार." आमच्यात पदवीच पहिली माझी. तिला थांबवू कशी?

६ फेब्रु.
शेवटचं प्रकरण. जितकं वाचते तितकं दिसतं, या मंत्र्याच्या हातात फार थोडं होतं. ठरवणार पक्ष, जगभर जाऊन सांगणार हा. अण्णांना सांगितलं.
"आमच्या युनियनचा सेक्रेटरी तसाच. सही त्याची, ठरवणारे भलतेच." मग पुढे म्हणाले, "शिव्या मात्र आम्ही त्यालाच घालतो."
हे प्रबंधात घ्यायला हवं. पण वाचणार कोण.

१५ फेब्रु.
सरांच्या विषयाचा आराखडा घेऊन बसले. चार ओळी झाल्या. विषय चांगला आहे, ज्याला मनापासून करायचाय त्याने करावा. मी तासांसाठी करणार. आणि मग वर्गात उभं राहून पोरांना काय सांगणार, की...

नको वाटतं सगळंच. जेवले नाही.

२० फेब्रु.
टायपिंगवाल्याकडून प्रबंध घेतला. विषय तोच, नावही तेच. तशीच सरांच्या घरी गेले. सर बाहेर. मिसेसच्या हातात दिला, म्हटलं, "विषय बदलत नाही. जूनच्या तासांना दुसरं कोणी बघा म्हणावं."
"अगं, पण त्यांनी प्रबंधावर सही नाही केली तर?"
चपला घातल्या आणि निघाले.
आई शेजारी गेलीय. तिला अजून सांगितलेलं नाही.